चिकट

आमच्या मंगळवेढ्याच्या बाजूला कुणाला शिवी न देता शिवी द्यायची असली, की ‘चिकट’ म्हणतात. कवडीचुंबक हा पुस्तकातला शब्द. चिंगूस हा जरा शहरातला. गावात आपला चिकटच. सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यानं पारावर बसलेल्यांना विचारावं, “माणसं कशी हायती?” आणि पारावरून एवढंच उत्तर यावं, “तशी बरी हायती, पर जरा चिकट.” झालं. पोरीचा बाप पुढचं घर बघायच्या आतच एसटीची वेळ विचारायला लागतो.

पण शब्द एवढ्यावर थांबत नाही. चहा झाला, पान झालं, तरी जो उठत नाही तो पाहुणाही चिकट. निवडून आल्यावर जो खुर्ची सोडत नाही तो खुर्चीला चिकटलेला. पोरगा शहरात कुठं कामाला लागला की आई म्हणते, “चिकटला एकदाचा,” आणि त्यात मात्र देवाला नारळ फोडल्यासारखा आनंद असतो. एखादा सात वेळा हरून आठव्यांदा उठला तर त्याची चिकाटी. तीच गोष्ट दुसऱ्यानं केली आणि ती आपल्या आड आली, तर तो लोचट. गुण एकच, पण कुणाच्या बाजूनं बघता त्यावर त्याचं नाव ठरतं. मी दहावीपर्यंत शिकलो, व्याकरणात कधी फार मार्क पडले नाहीत. पण साठ वर्षं हा शब्द ऐकत आलोय, आणि ज्या माणसावरून तो माझ्या घराला चिकटला त्या माणसाबद्दल लिहायचं आहे. त्याच्या आधी मातीबद्दल लिहावं लागेल, कारण तिच्याशिवाय तो माणूस कळायचा नाही.

आमची जमीन काळी. नुसती काळी नव्हे, तर काळी चिकट. मृगाचा एक दणका पाऊस झाला की दोन दिवस रानात पाय घालायची सोय नाही. चार पावलं टाकली की प्रत्येक पायाला शेर-दोन शेर माती. चप्पल हातात घ्यावी तर पाय जड, पायात ठेवावी तर चपलेचे अंगठे तुटतात. कुळव घातला तर पास मातीनं मढून जाते, आणि बैल ओढतात ते सगळं चिखलाचं वजन. म्हणून आमच्याकडं शेतकऱ्याचं शहाणपण एका शब्दावर जोखतात, तो म्हणजे वाफसा. माती ओली तर आहे, पण हाताला चिकटत नाही. मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटानं ढकलला तर फुटतो. हा मधला वेळ तीन-चार दिवसांचा. त्याच्या आधी गेला तर रानाची ढेकळं होतात, नंतर गेला तर ओल उडालेली. आमचा आज्जा सकाळी बांधावर जायचा, माती मुठीत घ्यायचा, दाबायचा, आणि काही न बोलता परत यायचा. चौथ्या दिवशी परतताना पायरीवरूनच “बैलं सोडा” म्हणायचा.

ही माती चिकट आहे म्हणूनच आम्ही खातो. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस पाच-साडेपाचशे मिलिमीटर, तोही भरवशाचा नाही. पण ही माती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळू पेरायचा, आणि पुढं पाऊस नाही, पाणी नाही, नुसत्या पोटातल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर तो फेब्रुवारीत काढायला येतो. मालदांडी आमची. मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवडलेला ३५-१ हा वाण स्वातंत्र्याच्या आधीचा, आणि अजून त्याची जागा दुसऱ्या कुणाला पुरती घेता आलेली नाही. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मुरमाड माळावर हीच मालदांडी टाकून बघा, गुडघाभर येऊन करपते. मुरूम दानशूर आहे, पाणी आलं तसं सोडून देतो.

अर्थात चिकटपणालाही हद्द असते. उजनीचं पाणी आमच्या तालुक्याच्या काही भागात आलं तेव्हा लोकांनी या मातीला ऊस पाजल्यासारखं पाणी पाजलं. तिचा निचरा मुळात कमी. काही रानं चोपण झाली. ओली असताना लोण्यासारखी घसरडी आणि चिकट, वाळली की दगड. वर पांढरी खार फुटते. मग जिप्सम टाका, चर काढा, ताग-धैंचा पेरून गाडा, तेव्हा कुठं पाच-सात वर्षांत जमीन थोडी माणसात येते.

चिकट शब्दाच्या घरातला दुसरा एक शब्द आहे चीक. तो बायकांच्या आणि जनावरांच्या राज्यातला. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळायचे. तळाशी बसतो तो गव्हाचा चीक. तो शिजत असताना चुलीभोवती सगळी पोरं वाटी घेऊन बसलेली. गरम चिकावर तेल किंवा साखर. त्याची चव आता कुठल्या हॉटेलात मिळत नाही. आणि गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळसर घट्ट दूध, तोही चीकच. त्याचा खरवस. पूर्वी आमच्याकडं वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचे नाहीत, आणि त्या अडाणीपणापायी किती वासरं गेली असतील कुणास ठाऊक. जन्मल्यावर तासा-दोन तासांत वासराच्या पोटात चीक गेला पाहिजे. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच येते, आणि दिवस उलटल्यावर वासराच्या आतड्याला ती नीट घेता येत नाही. हे डॉक्टर लोकांनी सांगितलं तेव्हा आमच्या आज्जीनं आधी नाक मुरडलं. पुढं तीच दुसऱ्यांना सांगायला लागली. चिकाचा एक रिवाज होता, तो शेजारपाजारी वाटायचा. आमच्या घरातून, चिकट म्हणून नावाजलेल्या घरातून, तो न चुकता जायचा.

आता भाकरी. शाळूच्या पिठात गव्हासारखा ताण नसतो, तरी ताज्या पिठाला एक चिकटपणा असतो. काटवटीत मळून उंडा केला की तो थापताना कडेला चिरत नाही. पीठ जुनं झालं की ते विरी जातं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापायला घेतली की कडा फुटतात, उचलायला गेलं की मधून तुटते. मग त्यात कढत पाणी घालून मळायचं, म्हणजे पीठ थोडं शिजून चिकट होतं. आमच्या आईला पीठ बोटात चोळून जात्यातून कधी निघालं ते सांगता यायचं.

या विरीचा सगळ्यात मोठा धडा आमच्या पिढीला १९७२ साली मिळाला. मी तेव्हा बारा वर्षांचा. आदल्या सालचा पाऊस कमी, त्या सालचा तर नाहीच. रब्बी पेरलीच गेली नाही, जिथं पेरली तिथं उगवून वाळली. विहिरींच्या तळाला प्यायला पाणी होतं, पण खायला धान्य नव्हतं. नंतरच्या दुष्काळांचं उलटं झालं. तेव्हा दुकानात धान्य होतं आणि पाण्याला टँकर. बहात्तरला रेशनवर मिलो आला. अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. तिचं पीठ कसंही मळा, जुळायचं नाही. बायका उकळतं पाणी ओतून, उकड काढून, हात भाजत भाकरी थापायच्या, आणि तव्यावर तिचे चार तुकडे व्हायचे. तुकडे तर तुकडे, पोटात गेले. आज त्या मिलोला नावं ठेवणारे आम्ही त्याच्यावरच जगलो, हेही लिहून ठेवलं पाहिजे. त्याच्या जोडीला दुष्काळी कामं. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, आणि सगळ्यात जास्त खडी फोडणं. कामावर सुकडी मिळायची. ज्यांच्या हातात आयुष्यभर कासरा होता त्यांच्या हातात हातोडा आला.

आमच्या घरात मिलो फार थोडा आला, कारण आमच्या वाड्याच्या अंगणात पेव होतं.

ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत विहिरीसारखा खड्डा, पण तोंड माणूस कसाबसा आत उतरेल एवढं अरुंद आणि पोट मोठं, रांजणासारखं. आतून जाळ करून भिंती शेकायच्या, कडेनं कडब्याचं आणि चिपाडाचं अस्तर लावायचं, मग ज्वारी ओतायची. वर फरशी, आणि फरशीवर तुडवून तुडवून मऊ केलेल्या चिकणमातीचा थर. हवा आत जाणार नाही, ओल जाणार नाही, तर दाणा वर्षानुवर्षं टिकतो. त्याला एक कुबट वास येतो, पण खाता येतो. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणूसही विझेल.

आज्जाचा नियम होता की दोन वर्षांचं खाणं जमिनीत असल्याशिवाय एक पायलीही बाजारात न्यायची नाही. भाव कितीही चढो. घरात लग्न निघालं तरी नाही. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचा, पत्राची पाकिटं उलटी करून त्यावर हिशेब लिहायचा, चुलीतला विस्तव असताना काडेपेटी ओढली तर घर डोक्यावर घ्यायचा. लोक म्हणायचे, दामाजीपंतांच्या गावाशेजारी राहून असला माणूस! दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली ही आमच्या भागातली पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट, त्यामुळं आमच्याकडं चिकट माणसाला तुलना तयारच असते. आज्जा त्यावर म्हणायचा, “ती कोठारं बादशहाची हुती. माजं पेव माजं हाय.”

हा चिकटपणा त्याच्या अंगात कुठून आला, हे मला पुढं कळलं. १८९६ आणि १८९९ असे तीन वर्षांच्या आत दोन मोठे दुष्काळ पडले आणि त्यात सोलापूर जिल्हा होरपळला. आज्जाचा बाप तेव्हा तरणा होता. त्याच्या घरातली चार माणसं गेली. भुकेनं दोन आणि पटकीनं दोन. त्या घरानं त्या वेळी बियाणंही खाल्लं होतं. पाऊस आला तेव्हा पेरायला काही नव्हतं, म्हणून सावकाराकडून बी काढलं, आणि त्या बियाण्यापायी एक रान गेलं. ते रान अजून आमच्या बांधाला लागून आहे. त्याला आम्ही ‘गेल्यालं रान’ म्हणतो. आज्जाला हे सगळं भाकरीबरोबर वाढलं गेलं होतं.

१९७३ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी भावकीतला एक माणूस घोंगडीखाली पोतं घेऊन आला. आज्जापेक्षा वयानं बराच लहान, चुलतभावासारखा, आणि आमच्यासाठी तात्या. अर्धं पोतं ज्वारी मागत होता, सुगीला परत देतो म्हणाला. मी आतल्या सोप्यात होतो. आज्जा म्हणाला, “जुंधळं न्हाईत रं.” पेव दोघांच्या मधल्या अंगणात होतं. तात्या थोडा वेळ त्या फरशीकडं बघत बसला. मग पोतं घडी करून परत घोंगडीखाली घेतलं आणि उठला. आज्जी चुलीपुढून काही बोलली नाही, पण त्या रात्री तिनं ताट घेतलं नाही.

आठ दिवसांनी तात्यानं बैल विकले. त्या वर्षी बैलाला कोण विचारत होतं? चाऱ्याविना हाडं झालेली जोडी मातीच्या भावानं गेली. तात्या, काकू आणि दोन्ही पोरं खडीवर गेली.

१९७३ चा पाऊस चांगला झाला. भाद्रपदात रानं भरली आणि गावातल्या निम्म्या घरांत पेरायला दाणा नाही. तेव्हा आज्जानं कणगी उघडली. पेवात खाण्याची ज्वारी आणि कणगीत बियाण्याची, राखेत घोळून, लिंबाचा पाला घालून, तोंड शेणामातीनं लिंपलेली. एकराला चार किलो बी लागतं. एका माणसाच्या महिन्याच्या खाण्यात दोन-तीन एकर पेरून होतात, असा हा हिशेब. अकरा घरांना त्यानं बी दिलं. फुकट नाही, सव्वाईनं. पायली नेली तर सव्वा पायली परत. लोकांनी त्याच्याही मागं नावं ठेवली आणि सुगीला निमूटपणे आणून दिली. तात्या आला नाही. आज्जानं माझ्या बापाला त्याच्याकडं पाठवलं, तरी आला नाही. त्यानं बी तालुक्याहून आणलं आणि दुसऱ्याचे बैल मागून उशिरा पेरलं. उशिरा पेरलेल्या शाळूचं जे व्हायचं ते झालं.

मी मोठा झाल्यावर एकदा आज्जाला विचारलं, तात्याला का नाही दिलं? तो म्हणाला, “खायाचं सपलं की माणूस बियाण्याला हात घालतंय. चौदा तोंडं हुती घरात. त्याला दिलं अस्तं तर धा जण आलं अस्तं. मग कणगी फुटली अस्ती. मग पेराय काय माती?”

याच्यात मला तेव्हाही खोट काढता आली नाही आणि आताही येत नाही. पण अर्ध्या पोत्यानं तात्याची बैलजोडी वाचली असती, हेही तितकंच खरं. आज्जा बरोबर होता म्हणून तात्याचं दुःख खोटं ठरत नाही. गावच्या इतिहासात सरकारी कामांचा आकडा सापडेल, मिलोच्या गाड्या सापडतील. कुणाच्या अंगणात पेव भरलेलं होतं आणि कोण रिकामं पोतं घेऊन परत गेला, हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं नाही.

पुढं पेवाची गरज संपली. रेशन सुधारलं, पैसा हातात आला, पत्र्याच्या कोठ्या आल्या. शब्दाचीही रोजची कामं बदलली. शाळेत आम्ही बाभळीचा डिंक दौतीत भिजवून वह्या चिकटवायचो, निवडणुकीत पोरं पिठाची खळ करून भिंतींवर कागद लावायची. आता चिकटपट्टी आहे. रानात पिवळे चिकट सापळे आले. त्यावर पांढरी माशी आणि मावा येऊन बसतो तो कायमचा. मावा म्हटला की चिकटा आलाच. डिसेंबर-जानेवारीत आभाळ आलं, दोन-चार दिवस ढग हटले नाहीत, की शाळूच्या पोंग्यात मावा धरतो. तो पानातला रस शोषतो, रसात साखर फार, त्यामुळं न पचलेली साखर मागनं सोडतो. पानं तेल लावल्यासारखी चमकतात. बोट लावून जिभेला लावलं तर गोड. मुंग्यांची रांग लागते, मग त्या गोडावर काळी बुरशी चढते आणि कडबा काळा पडतो. सुरुवातीलाच लक्ष ठेवलं आणि ढालकिडे भरपूर असले तर फवारायचीही गरज पडत नाही. आमच्याकडं शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. चिकटा असलेला शाळू उपटायचा म्हणजे हात, लुगडं, केस सगळं चिकटतं, आणि त्यावर माती बसते. बायका त्याला रोज जास्त मागतात. बरोबरच आहे.

२००९ साली आम्ही वाडा पाडून स्लॅबचं घर बांधलं तेव्हा अंगणातलं पेव बुजवायचं ठरलं. फरशी काढायला जेसीबी आणावा लागला. तिच्यावरचा चिकणमातीचा थर बोटभरसुद्धा सुटेना, दातांखाली नुसता चिरायचा. आत तळाला ओंजळभर दाणे निघाले, काळे, कोळशासारखे हलके. तात्या तोवर गेला होता, आज्जा तर केव्हाच. तात्याचा थोरला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बघायला आला होता. लहानपणी खडीवर त्याच्या अंगठ्याचं नख गेलं ते पुन्हा नीट आलं नाही. तो काठाशी उकिडवा बसला आणि आत वाकून बघत म्हणाला, “लई मोठं हुतं की रं. आमाला वाटायचं, एवढुसं आसंल.”

मी म्हणालो, “आण्णा, चहा घ्यायचा का?” त्यानं मान हलवली. मग आम्ही दोघांनी त्या काठावरच बसून चहा घेतला, आणि ड्रायव्हरनं माती आत लोटायला सुरुवात केली.